मुठीतल्या यंत्रावर डीएनए वाचताना: विरजणातल्या जीवाणूपासून पूर्ण जीनोमपर्यंत

डीएनए वाचणारं यंत्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फ्रिजएवढा पेटारा येतो. तो चुकीचा नाही. 1986 च्या सुमारास अप्लाइड बायोसिस्टिम्सने बाजारात आणलेलं 370ए हे पहिलं स्वयंचलित यंत्र तसंच दणकट होतं. आजही मोठ्या केंद्रांमधली बरीच यंत्रं आतून कॅमेरेच असतात: डीएनएच्या प्रत्येक अक्षराला (ए, सी, जी किंवा टी) रंग चिकटवायचा, उजेड टाकायचा, फोटो काढायचा. इथे ज्याबद्दल सांगणार आहे ते यंत्र काहीच बघत नाही. ते विजेचा प्रवाह मोजतं. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायचं. नाव मिनियन, बनवणारी कंपनी ऑक्सफर्ड नॅनोपोर. 2014 मध्ये ते निवडक लॅबना वापरून बघायला दिलं आणि 2015 मध्ये विक्रीला आलं. 2016 मध्ये केट रुबिन्स या अंतराळवीर बाईंनी ते अंतराळ स्थानकात चालवून दाखवलं. त्याआधी 2015 मध्ये इबोलाच्या साथीत गिनीमध्ये ते सामानाच्या बॅगेतून गेलं होतं.

मी हे यंत्र पुण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये चालवते. नवी मुलं येतात, डबी हातात घेतात आणि विचारतात, "मॅडम, एवढंच?" एवढंच. पण 'स्वयंचलित' हा शब्द फक्त डबीपुरता खरा आहे. डबीत थेंब पडेपर्यंतचं सगळं हाताचं काम आहे आणि रन, म्हणजे वाचनाची एक पूर्ण फेरी, बिघडतो तोही तिथेच. म्हणून हा लेख यंत्रापेक्षा हाताबद्दल जास्त आहे. उदाहरण म्हणून घरच्या दह्यातून वेगळा केलेला लॅक्टोबॅसिलस घेऊ. त्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण 20 लाख अक्षरांचा. शिकायला बरा, धोका नाही आणि विरजण कुणाकडेही मिळतं.

आत नेमकं काय होतं

एवढं समजलं की पुढच्या निम्म्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

फ्लो सेल म्हणजे यंत्रात बसणारी चपटी काडेपेटीसारखी वस्तू. तिच्यात एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात प्रथिनांची बारीक छिद्रं बसवलेली असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना क्षारयुक्त द्रव. सुमारे 180 मिलिव्होल्ट दाब दिला की छिद्रातून आयन वाहतात आणि पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागतो इतका बारीक प्रवाह मिळतो. त्या छिद्रात डीएनएचा धागा शिरला की वाट अडते, प्रवाह कमी होतो. किती कमी होतो ते त्या क्षणी छिद्राच्या गळ्यात कोणती अक्षरं आहेत त्यावर ठरतं. ए, सी, जी, टी प्रत्येकाची अडवणूक वेगळी. गळ्यात एकाच वेळी एक नाही तर अनेक अक्षरं असतात, त्यामुळे मिळणारी रेषा सरळसरळ वाचता येत नाही. ती वाचायला न्यूरल नेटवर्क लागतं.

धागा मोकळा सोडला तर एकेक अक्षर काही मायक्रोसेकंदांत निसटून जातं. 1996 मध्ये अशा छिद्रातून धागे जाताना पहिल्यांदा मोजले गेले तेव्हा हीच मोठी अडचण होती. उपाय निघाला तो धाग्याच्या तोंडाशी एक मोटर प्रथिन बसवण्याचा. विहिरीवर रहाटाने दोर सोडावा तसं ते धागा टप्प्याटप्प्याने सोडतं. सध्याच्या आर10.4.1 नावाच्या आवृत्तीच्या फ्लो सेलवर वेग सेकंदाला सुमारे 400 अक्षरं आणि मोजणी सेकंदाला 5,000 वेळा. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला साधारण 12 मोजण्या. लॅम्डा विषाणूचा 48,502 अक्षरांचा अख्खा जीनोम एका छिद्रातून दोन मिनिटांत जातो. एका वेळी 512 वाहिन्या चालू असतात, म्हणजे तेवढी छिद्रं एकदम वाचली जातात.

विजेवर चालणारी दुसरी जातही आहे. आयन टोरेंटमध्ये नवं अक्षर जोडताना सुटणारा हायड्रोजन आयन चिपवर मोजतात, म्हणजे तो एक प्रकारचा पीएच मीटरच. पण तिथे धागे आखूड तुकड्यांतच वाचले जातात. लांब धागा एका दमात वाचायचा असेल तर छिद्राला पर्याय नाही.

आधी हिशेब

एक फ्लो सेल लाखाच्या हिशेबात जाते. तेव्हा एका जीवाणूसाठी ती फोडणं म्हणजे एका पोळीसाठी तंदूर पेटवणं. हिशेब असा: 20 लाख अक्षरं, प्रत्येक अक्षर सरासरी 100 वेळा वाचायचं, म्हणजे 20 कोटी. असे 12 नमुने एकत्र लावले तर 240 कोटी, लॅबच्या भाषेत 2.4 जीबी. इथे बी म्हणजे बेस, बाइट नव्हे. नवी मुलं यात हमखास गोंधळतात. 50 वेळा वाचूनही काम भागतं, पण बारा नमुने कधीच सारखे वाचले जात नाहीत. एखादा मागे राहतो, त्याच्यासाठी ही सूट ठेवायची. एकदोनच नमुने असतील तर फ्लाँगल नावाची छोटी स्वस्त चिप येते. तिच्यात 126 वाहिन्या असतात.

नमुने एकत्र करण्यासाठी बारकोड लागतात, म्हणजे कोणता धागा कोणत्या नमुन्याचा हे ओळखायला जोडलेले डीएनएचे छोटे तुकडे. रॅपिड बारकोडिंग किटमध्ये 24 बारकोड मिळतात आणि प्रत्येक नमुन्याचा 200 नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. बारापैकी एक नळी रिकामी ठेवा, म्हणजे पाणीच, पण बारकोडसकट. शेवटी त्या नळीच्या नावावर किती धागे आले यावरून बाकीच्यांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. ही नळी वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो.

लॅपटॉप साधा चालत नाही. एनव्हिडियाचं बरं ग्राफिक्स कार्ड, किमान 16 जीबी रॅम आणि मोकळी एसएसडी हवी. कच्च्या सिग्नलच्या फायली शंभर जीबीच्या पुढे सहज जातात. रनच्या आदल्या दिवशी स्लीप मोड बंद करा, विंडोज अपडेट थांबवा आणि लॅपटॉप यूपीएसवर घ्या. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वीज जाते हे गृहीतच असतं. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, एसी बंद पडतो आणि खोली तापली की यंत्राला तापमान सांभाळता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही रन संध्याकाळी लावतो.

फ्लो सेल आली की

पार्सल फोडून लगेच 2 ते 8 अंशाला ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. गोठली की मेली. एकदा आमचं पार्सल शनिवार-रविवार कुठल्याशा गोदामात पडून राहिलं आणि सोमवारी हातात आलं तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्या कोमट होत्या. तेव्हापासून नियम केला: ऑर्डर सोमवारी निघेल अशीच मागवायची आणि आल्या दिवशी तपासायची.

तपासणी मिननो या सॉफ्टवेअरमधून होते. फ्लो सेल यंत्रात बसवायची, 'फ्लो सेल चेक' दाबायचं, काही मिनिटांत जिवंत छिद्रांचा आकडा येतो. एकूण जागा 2,048, प्रत्येक वाहिनीला चार. कंपनीची हमी 800 छिद्रांची, तीही पोहोचल्यापासून 12 आठवड्यांच्या आत. कमी भरली तर तपासल्यापासून दोन दिवसांत कळवावं लागतं, त्यामुळे आकड्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवाच. हजार-बाराशेच्या वर आकडा दिसला की आम्ही चहा घेतो.

डीएनए काढणं: इथे घाई नको

लॅक्टोबॅसिलस एमआरएस माध्यमात (या जीवाणूंना वाढवायच्या नेहमीच्या खाद्यात) 37 अंशाला रात्रभर वाढवा. फार शिळा झाला की पेशी फुटायला कटकट करतात. दह्यातून थेट डीएनए काढू नका. त्यात दुधाचं प्रथिन, स्निग्ध आणि गाईम्हशीचा डीएनए सगळं येतं. आधी प्लेटवर रेघा ओढून एक वसाहत वेगळी करा, मग ती वाढवा.

या जीवाणूंची भिंत जाड असते. ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जीवाणूची पद्धत जशीच्या तशी लावलीत तर हाती काहीच लागत नाही. पेशी लायसोझाइम या भिंत फोडणाऱ्या एन्झाइममध्ये 37 अंशाला तासभर ठेवा. त्याने भागलं नाही तर जोडीला तसंच दुसरं एन्झाइम, म्युटॅनोलायसिन. मग एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के, 55 अंशाच्या आसपास, द्रव पारदर्शक होईपर्यंत. आरएनए खाणारं आरएनेज विसरू नका. आरएनए राहिला तर पुढचे सगळे आकडे खोटे बोलतात.

आता एक खास अडचण. काही घरचं दही चमच्याने उचललं की तार धरतं. ती तार म्हणजे जीवाणूंनी बनवलेली लांब साखळीची शर्करा. असा जीवाणू घेतलात तर ही शर्करा अल्कोहोलमध्ये डीएनएसोबतच खाली बसते. नळीत भरघोस पांढरा गोळा दिसतो, आपण खूश होतो आणि तो पाण्यात विरघळतच नाही. जेलीसारखा हलत राहतो. असा नमुना फ्लो सेलमध्ये गेला की छिद्रं बुजतात. उपाय म्हणजे सीटॅब हे शर्करा वेगळी करणारं रसायन आणि जास्त मिठाची पायरी घालणं, किंवा सरळ दुसऱ्या घरचं विरजण घेणं. पहिल्यांदा करत असाल तर दुसरा उपाय घ्या, त्यात कमीपणा नाही.

डीएनए हाताळताना तो धागा आहे हे विसरायचं नाही. व्होर्टेक्सवर (नळी गरगरा हलवणाऱ्या यंत्रावर) धरायचा नाही, बारीक टिपने वरखाली करायचा नाही, सतत गोठवायचा-वितळवायचा नाही. रुंद तोंडाची टिप वापरा. नसेल तर टिपचं टोक निर्जंतुक कात्रीने कापा. गोळा लगेच विरघळला नाही तर रात्रभर 4 अंशाला ठेवा, सकाळी विरघळलेला असतो.

मोजणी दोन यंत्रांवर करायची. नॅनोड्रॉप शुद्धता सांगतो: 260 आणि 280 नॅनोमीटरच्या उजेडाच्या शोषणाचं गुणोत्तर (260/280) 1.8 च्या आसपास आणि 260/230 चं 2.0 ते 2.2. दुसरं खाली आलं तर मीठ, फिनॉल किंवा तीच शर्करा आहे असं समजा. पण डीएनए किती आहे हे नॅनोड्रॉपला विचारू नका, त्यासाठी क्युबिट हे दुसरं यंत्र. एकदा एका विद्यार्थ्याच्या नळीवर नॅनोड्रॉपने 180 नॅनोग्रॅम दाखवले आणि क्युबिटने 40. बाकीचा आरएनए होता. त्याने नॅनोड्रॉपवर विश्वास ठेवून लायब्ररी, म्हणजे यंत्रात घालायला तयार केलेला डीएनए, केली असती तर चौपट पातळ झाली असती. दोन्ही आकडे जवळपास जुळले तरच पुढे जा.

लायब्ररी

रॅपिड किटमध्ये ट्रान्स्पोझेज नावाचं एन्झाइम असतं. ते धागा कापतं आणि कापल्या जागी बारकोड चिकटवतं. दोन्ही कामं एकाच झटक्यात. 30 अंशाला 2 मिनिटं, 80 अंशाला 2 मिनिटं, मग बर्फावर. पीसीआरच्या यंत्रात हा कार्यक्रम आधीच भरून ठेवा, कारण इथे मिनिटाचा फरक पडतो: जास्त वेळ दिला म्हणून जास्त डीएनए मिळत नाही.

नंतर सगळ्या नळ्या एकत्र करून चुंबकी बीड्सने साफ करायच्या. बीड्स फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा आणि नीट ढवळा. तळाशी बसलेले बीड्स घेतले तर प्रमाण चुकतं. धुवायला 80 टक्के इथेनॉल, त्याच दिवशी बनवलेलं. धुतल्यावर बीड्स वाळू द्या, पण तडे जाईपर्यंत नाही. तडे गेले की लांब धागे बीड्स सोडत नाहीत. शेवटी ॲडॉप्टर, म्हणजे धाग्याच्या टोकाला जोडायचा तुकडा, घालून 5 मिनिटं साध्या तापमानाला. मोटर प्रथिन याच ॲडॉप्टरवर बसलेलं असतं, तेव्हा आता नळी झटकायची नाही, तापवायची नाही. हाती राहते 12 मायक्रोलिटर लायब्ररी. ती बर्फावर.

थेंब घालणं

सगळं खरं कौशल्य या दहा मिनिटांत आहे.

फ्लो सेलवर कडेला एक छिद्र असतं, प्रायमिंग पोर्ट. मधोमध दुसरं, स्पॉटऑन पोर्ट. छिद्रांच्या पडद्यावर सतत द्रव असायला हवा. हवेचा बुडबुडा त्यावरून सरकला की जिथून गेला तिथली छिद्रं कायमची जातात. पहिल्या वर्षी माझ्या हातून असा एक बुडबुडा गेला होता. पडद्यावरून तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका सावकाश सरकताना मी बघत होते आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी बाराशेच्या वर असलेली छिद्रं दोनशेवर आली.

म्हणून आधी बुडबुडा बाहेर काढायचा. 1,000 मायक्रोलिटरचं पिपेट 200 वर ठेवा, टिप प्रायमिंग पोर्टमध्ये उभी बसवा आणि अंगठ्याने न दाबता वरचं चाक फिरवत 220 ते 230 पर्यंत न्या. टिपच्या टोकाशी पिवळसर द्रवाची छोटी रेघ दिसली की पुरे. 30 मायक्रोलिटरहून जास्त ओढलं तर पडदा उघडा पडायची भीती.

प्रायमिंगचं मिश्रण: फ्लश बफर 1,170 मायक्रोलिटर, बीएसए हे प्रथिन (50 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) 5 मायक्रोलिटर आणि धागे पडद्याजवळ धरून ठेवणारं टेदर 30 मायक्रोलिटर. यातलं 800 प्रायमिंग पोर्टमधून, अगदी सावकाश. टिपमध्ये शेवटचा थेंब राहू द्या. तो ढकलायला गेलात की मागून हवा येतेच. मग 5 मिनिटं थांबा.

त्या वेळात लायब्ररी तयार करा: सीक्वेन्सिंग बफर 37.5, लायब्ररी बीड्स 25.5 आणि आपली 12, एकूण 75 मायक्रोलिटर. हे बीड्स पापणी लवते तोवर तळाशी जातात, तेव्हा घेण्याआधी आणि घालण्याआधी दोन्ही वेळा हलक्या हाताने मिसळा.

आता स्पॉटऑनचं झाकण उघडा आणि उरलेल्या मिश्रणातले 200 मायक्रोलिटर पुन्हा प्रायमिंग पोर्टमधूनच घाला. नवखे लोक झाकण उघडलं म्हणून इथेच ओततात. नाही. स्पॉटऑनमध्ये फक्त लायब्ररी जाते, तीही थेंब थेंब: टिप न टेकवता थेंब सोडायचा, तो आत शोषला गेला की पुढचा. देवावर अभिषेकाची धार धरतात ती नव्हे, डोळ्यांत औषध घालतात तसं. दोन्ही झाकणं बंद करा, उजेड अडवणारं कव्हर लावा.

रन चालू असताना

मिननोमध्ये किटचं नाव, बारकोड आणि बेसकॉलिंगची, म्हणजे प्रवाहाच्या रेषेतून अक्षरं ओळखण्याची, पातळी निवडा. पातळ्या तीन: वेगवान, अचूक आणि अतिअचूक. लॅपटॉपवर अतिअचूक चालू रनच्या वेगाला पुरत नाही. रन चालू असताना वेगवान किंवा अचूक ठेवा, कच्च्या सिग्नलच्या पॉड5 फायली जपा आणि नंतर डोरॅडो या सॉफ्टवेअरने निवांत अतिअचूक करा. पॉड5 उडवल्या तर हा रस्ता कायमचा बंद, आणि बेसकॉलिंगची मॉडेलं दरवर्षी सुधारतात.

लॅपटॉपच्या पडद्यावर 512 चौकोन दिसतात. फिका हिरवा म्हणजे धागा वाचला जातोय, गडद हिरवा म्हणजे छिद्र रिकामं, वाट बघतंय. पहिल्या अर्ध्या तासात गडद हिरवंच जास्त दिसलं तर लायब्ररी पातळ झाली आहे. हिरवं झपाट्याने निळं होत गेलं तर नमुन्यात घाण आहे, छिद्रं बुजताहेत. पहिल्या प्रकारात नवी लायब्ररी बनवून आणखी घालता येते. दुसऱ्यात थांबून धुणं बरं. दर दीड तासाने यंत्र स्वतःच छिद्रं पुन्हा तपासतं, त्या वेळी वाचन थांबतं. घाबरून रन बंद करू नका.

पूर्ण रन 72 तासांचा असतो, पण आपल्याला 2.4 जीबी पुरेत. रन बरा चालला तर ते रात्रभरात होतात. झाले की थांबवा. उरलेली छिद्रं पुढच्या वेळी कामाला येतात.

फायलींपासून जीनोमपर्यंत

डोरॅडोने बारकोडप्रमाणे धागे वेगळे करा. नॅनोप्लॉट या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर लांबी आणि दर्जा बघा. दर्जाचा आकडा असा वाचायचा: क्यू10 म्हणजे दहात एक चूक, क्यू20 म्हणजे शंभरात एक, क्यू30 म्हणजे हजारात एक. आर10.4.1 वर अतिअचूक मॉडेलने बहुतेक धागे क्यू20 च्या आसपास किंवा वर यायला हवेत. हजार अक्षरांहून छोटे धागे गाळा.

धागे जोडून अख्खा जीनोम उभा करायला फ्लाय हे सॉफ्टवेअर. त्याला फाइल दिली की तासाभरात उत्तर येतं आणि रन चांगला असेल तर त्यात 20 लाखांच्या आसपासचा एकच गोल तुकडा असतो. आखूड धाग्यांच्या पद्धतीत हाच जीनोम शेकडो तुकड्यांत येतो, कारण एकसारखे लांब पट्टे कुठे जोडायचे ते कळत नाही. इथे एकच धागा पट्ट्याच्या अल्याड-पल्याड पोहोचतो. फ्लायकडून छोटे प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य जीनोमबाहेरची डीएनएची छोटी कडी, मात्र सुटू शकतात. आठ-दहा हजार अक्षरांखालच्या प्लाझ्मिडची शंका असेल तर लांबीची चाळणी सैल करून पुन्हा बघा. मग मेडाका या चुका दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने एक हात फिरवा. एकाच अक्षराची लांब रांग, म्हणजे आठ-दहा ए सलग, ही नॅनोपोरची जुनी खोड आहे: प्रवाह बदलतच नाही, मग मोजायचं कशावरून? आर10 मध्ये ती बरीच कमी झाली, संपली नाही.

जात ठरवायला माहीत असलेल्या जीनोमशी तुलना करा. सरासरी साम्य 95 टक्क्यांच्या वर असेल तर जात तीच मानतात. आणि रिकाम्या नळीच्या बारकोडखाली किती धागे आले ते बघितल्याशिवाय कुणालाही निकाल सांगू नका.

दोन कायदेशीर गोष्टी. दह्याऐवजी माणसाचा नमुना घेणार असाल तर नैतिक समितीची मंजुरी आणि लेखी संमती आधी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. आणि वेगळा केलेला जीवाणू परदेशातल्या मित्राला सहज म्हणून पाठवू नका. 2002 च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही येतात.

धुणं आणि ठेवणं

रन थांबवल्यावर वॉश किटमधला डीएनेज (डीएनए खाणारं एन्झाइम) 2 मायक्रोलिटर आणि डायल्युएंट (पातळ करायचा द्रव) 398, एकूण 400 मायक्रोलिटर, प्रायमिंग पोर्टमधून घाला. त्याआधी तेच बुडबुडा ओढणं. तासभर थांबा. मग 500 मायक्रोलिटर स्टोरेज बफर. कचऱ्याच्या पोर्टमधलं पाणी काढताना प्रायमिंग आणि स्पॉटऑन दोन्हींची झाकणं बंद आहेत ना ते दोनदा बघा. उघडी राहिली तर पडद्यावरचा द्रवही ओढला जातो. नंतर पुन्हा छिद्रं मोजा आणि फ्लो सेल 2 ते 8 अंशाला ठेवा.

डीएनेजने जवळपास सगळं खाल्लं तरी जुन्या नमुन्याचे चार धागे कुठेतरी राहतातच. म्हणून पाकिटावर मार्करने तीन गोष्टी लिहा: तारीख, उरलेली छिद्रं आणि वापरलेले बारकोड. आमच्या फ्रिजमधल्या एका पाकिटावर आत्ता लिहिलंय: "640 छिद्रं, 1 ते 12 झाले, पुढे 13 पासून."